चंद्र कशानं धरलाय, सर?

सर,

काल साताऱ्यात तुमच्या फोटोला हार घातला. तुमच्या नावानं व्याख्यान, म्हणजे वक्त्यानं आधी प्रतिमापूजन करायचं, आणि काल वक्ता मी होतो. हार डावीकडं दोन बोटं जास्त उतरला होता, तो सरळ केला. मला वाकडं काही चालत नाही. संयोजक तुमचे जुने विद्यार्थी. कानाशी येऊन म्हणाले, "सुरुवातीला पाच मिनिटं सरांच्या आठवणी सांगा. सरांच्या पत्नी, आपल्या बाई, पहिल्या रांगेत बसल्यात." या पाच मिनिटांसाठी मी तीस वर्षं थांबलो होतो.

तुम्हाला आठवत नसेल, म्हणून नीट सांगतो. सांगलीचा हॉल, स्लाइड प्रोजेक्टरची घरघर. मी माधवनगरच्या गिरणीत जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. पहिली पाळी सुटल्यावर सायकल मारत आलोय, केसांत कापसाची भुरी तशीच. तुम्ही पडद्यावर यानात तरंगणारा अंतराळवीर दाखवता आणि म्हणता, "वर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून हा तरंगतो." मी उभा राहतो. "सर, वर गुरुत्वाकर्षण न्हाई, तर चंद्र कशानं धरलाय?" तुम्ही चष्मा काढता. "शिक्षण किती?" "नववी." "काम?" "मागावर जॉबर हाय." तुम्ही हसता. "मग तुम्ही तुटलेला धागा जोडा. विश्वाचं आम्ही बघतो." सगळा हॉल हसला. आमच्याच गिरणीतले दोघं मागं बसले होते, तेही हसले. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या माग-खात्यात पाऊल टाकायच्या आत आरोळी आली, "चंद्र आला रं! धरा गड्यानो, न्हाईतर उडून जाईल!" गिरणी बंद पडेपर्यंत माझं नाव चंद्रच होतं.

त्यानंतर मी जे शिकलो ते कुणाच्या कृपेनं नाही. रद्दीच्या दुकानातून इंग्रजी पुस्तकं आणली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. दुर्बिणीचा आठ इंची आरसा सात महिने हातानं घासला. अंतराळवीर ज्या उंचीवर तरंगतो, तिथं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांहून जरासंच कमी असतं, हे कागदावर स्वतः काढून बघितलं. तो आणि त्याचं यान पृथ्वीभोवती एकत्र पडत असतात, म्हणून तो तरंगतो. हे मी मलकापुरात सांगितलं, रहिमतपुरात सांगितलं, शाळांत आणि गणपतीच्या मांडवांत सांगितलं. दर वेळी मनात समोर तुम्हीच बसलेले असायचात. तुम्ही गेल्याचं पेपरात वाचलं तेव्हा वाईट वाटलं नाही. माझ्या हातून सुटले, एवढंच वाटलं.

काल ती पाच मिनिटं पुरेपूर वापरली. तारीख सोडली तर एक शब्द गाळला नाही. तुमचा आवाजही काढला. हॉल हसला, आणि या खेपेला तुम्हाला हसला. बाई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढचं सगळं व्याख्यान त्याच तोऱ्यात गेलं.

शेवटी एक म्हातारे सुभेदार उठले. "आवं सर, आमी लडाखला हुतो तवा लय तारं बघितलं. त्यातलं आज किती हायती आन् किती मेलं?" मी म्हणालो, "सुभेदार, तुम्ही बघितले त्यातले निम्मे तेव्हाच विझले होते. तुम्ही भुतांवर पहारा देत होतात." टाळ्यांचा कडकडाट. सुभेदारांनी खिशातून डायरी काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं.

चहाच्या वेळी बाई जवळ आल्या. मला वाटलं, रागावतील. म्हणाल्या, "त्या दिवशी हे जेवले नव्हते. ताटावर बसून म्हणाले, त्या गिरणीवाल्याचं बरोबर होतं, मीच चुकीचं सांगितलं." मी कप खाली ठेवला. सर, तुम्ही चुकलात ते मी कधीतरी सोडून दिलं असतं. पण तुम्हाला कळलं होतं! सांगलीहून माधवनगर ते किती लांब? गिरणीच्या फाटकावर येऊन चार माणसांत सांगायचं होतंत, याचं बरोबर होतं म्हणून. एक पोस्टकार्ड टाकायचं होतंत. तुम्ही जेवला नाहीत, एवढ्यावर भागवलंत. याची माफी नाही.

हे सगळं लिहून बाईंना नेऊन द्यायचं ठरवलं होतं. आता देणार नाही, कारण पुढचं त्यांनी वाचायला नको. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे फार तर काही हजार प्रकाशवर्षं लांब असतात, आणि ताऱ्यांचं आयुष्य लाखो, कोट्यवधी, अब्जावधी वर्षांचं. सुभेदारांनी बघितलेले जवळजवळ सगळे तारे आज जागेवर आहेत. हे मला काल टाळ्या थांबायच्या आधीच आठवलं होतं. सुभेदारांचा नंबर संयोजकांकडं आहे. सकाळपासून मी तो मागितलेला नाही.