माझ्या हातची मोजपट्टी

२ सप्टेंबर
स्वतःच्या हातांनी केलेलं: कापराच्या लाकडाची पेटी, बिजागरी नाही, खिळा नाही. आत माझा टीचिंग पोर्टफोलिओ, म्हणजे शिकवण्याच्या कामाची फाइल; तिची शिवणसुद्धा माझीच. आणि पोर्टफोलिओंना मार्क द्यायची मोजपट्टी, आठ निकषांची. कॉलेजच्या पुरस्कार कमिटीत सगळे डॉक्टरेटवाले; एकाच फाइलला एक नव्वद देतो, दुसरा चाळीस. मी सुतारकाम शिकवतो, डिग्री नाही. शेवटी मोजायचं कसं ते मीच ठरवून दिलं.
इथल्या शिक्षक दिनाला, २८ तारखेला, उत्कृष्ट शिक्षक जाहीर होणार; बक्षीस पन्नास हजार तैवानी युआन. अख्ख्या तैनान शहरात मला तरी दुसरं नाव सुचत नाही.

५ सप्टेंबर
बायको म्हणाली, स्वतःचा पेपर स्वतःच काढलात की काय. तिला समजावलं: मार्क दुसरे दोघं देणार, एकमेकांना न विचारता. दोघांचे आकडे जुळले की मोजपट्टी खरी. ती मासे साफ करत राहिली.

१२ सप्टेंबर
आठवा निकष सगळ्यांत भारी, वीस मार्कांचा: शिक्षक बाहेर असताना विद्यार्थ्याला काय जमतं? कॉलेजचे डीन लियाओ म्हणाले, फार कडक होतंय. म्हटलं, माझ्या मुलांची स्टुलं बघा. सांध्यात कागद शिरत नाही.

२० सप्टेंबर
परीक्षक वर्गात आले, मला बाहेर काढलं. नियम माझाच. पेइ-रू माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी. तिला एक सांधा करायला सांगितला. खिडकीतून दिसलं, पटाशी धरून नुसती उभी. उकाडा फार होता.

संध्याकाळी
तिला विचारलं. म्हणाली, "उस्ताद, माझं स्टूल तुम्हीच पुरं केलंत. सगळ्यांचीच तुम्ही केलीत."
वर्ग सुटल्यावर थोडा हात फिरवतो, एवढंच. वाकडं राहिलेलं बघवत नाही.
"तीन वर्षं तुमचे हात बघतेय. माझ्या हातात तुम्ही काही राहूच दिलं नाहीत."
रडत होती. मी तिच्या पटाशीला धार लावून दिली.

२६ सप्टेंबर
आठवा निकष: एका परीक्षकाचे दोन मार्क, दुसऱ्याचेही दोन. इतकं तंतोतंत कोणाच्याच फाइलला जुळलं नाही. मोजपट्टी बिनचूक आहे.
जेवलो नाही.

२७ सप्टेंबर
पेइ-रूला रंधा दिला, समोर बसलो. हात मांड्यांखाली. फळी एका बाजूला उतरत गेली. दोनदा उठलो. दोन्ही वेळा म्हणाली, "बसा, उस्ताद."

२८ सप्टेंबर, शिक्षक दिन
समारंभाआधी डीन लियाओ घरी आले. म्हणाले, बाकी सात निकषांत तुम्हीच पहिले; आठवा यंदापुरता गाळू, पुरस्कार तुमचा. बायको चहा ओतता ओतता थांबली.
नको म्हटलं.
पन्नास हजार युआन.