कल्हई सिलॅबसमध्ये नाही

२ ऑक्टोबर १९११. पहाटे उठलो.
मॅट्रिकची तिसरी खेप. अब्बांचा मुरगूडहून निरोप : पास झालास तर शाळेत मास्तर हो, नाहीतर घरी येऊन कल्हईचा भाता धर. भाता धरायचा प्रश्नच नाही. आजपासून सायन्सची रिव्हिजन. टाइमटेबल आखलं, रेघा लाल शाईने मारल्या. तेवढ्यात दुपार झाली.

५ ऑक्टोबर.
शरीरशास्त्र. हृदयाला चार कप्पे. तीनदा वाचलं, आत काही गेलं नाही. भीतीही वाटली नाही. परीक्षेआधी मन असं गार पडतं, ती तयारीची खूण.

९ ऑक्टोबर.
फिजिक्स. जागा बदलून पाहिली. रंकाळा तळ्याकाठी बसून वस्तू पाण्यात का तरंगते ते वाचलं. समोर म्हशी डुंबत होत्या, त्यामुळे लक्ष लागेना.

१४ ऑक्टोबर.
वर्गातला बाळासो गारगोटी गावचा, शेतकऱ्याचा पोरगा. पाठ काहीच करत नाही, दिसेल त्याला ‘का?’ विचारत सुटतो. मला म्हणाला, दिलदार, तुझ्या घरातच केमिस्ट्री हाय की! मी सांगितलं, घरात भट्टी आहे. केमिस्ट्री पुस्तकात असते. बिचारा नापास होणार.

२१ ऑक्टोबर. सकाळी आठ.
आमच्या बोर्डिंगच्या पातेल्यांची कल्हई गेलीय, काल आमटी कळकली. आचारी कुतुबुद्दीनने कल्हईवाला बोलावला. आले कोण, तर अब्बा! भाता घेऊन थेट फाटकाशी बसले. पोरं जमली. मला भेटायचं होतं, पण टाइमटेबलात केमिस्ट्री होती. मागच्या दाराने रंकाळ्यावर आलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
अब्बा गेले. कुतुबुद्दीन म्हणाला, दोनदा तुझी चौकशी केली त्यांनी, आणि हे शेंगदाण्याचे लाडू ठेवलेत. बाळासो म्हणे दिवसभर त्यांच्याजवळ बसून होता, भाताही मारला. त्याचा दिवस फुकट. माझी अठरा पानं झाली. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. लाडू खाल्ले.

१८ नोव्हेंबर.
सायन्सचा पेपर. एक मोठा प्रश्न : पितळेच्या भांड्याला कथील कसं चढवतात? नवसागर कशासाठी? वाचल्याबरोबर डाव ओळखला. युनिव्हर्सिटी काय कल्हईवाल्याचं काम विचारणार? बॅटरी लावून धातूचा मुलामा कसा देतात, त्यावर दोन पानं लिहिली, आकृतीसह. हात थांबेना. फर्स्ट क्लास यायला हरकत नाही.

१२ जानेवारी १९१२.
रिझल्ट. बाळासो पास. माझा नंबर छापायचा राहिला असावा.

१५ जानेवारी.
राहिलेला नाही.

२३ जानेवारी. मुरगूड.
भाता मारतोय. तात्पुरता. आज बाळासोचं पत्र आलं, अब्बांच्या नावावर. अब्बांना वाचता येत नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचलं. ‘लालासाबचाचा, त्या दिवशी तुमच्याजवळ बसून जे बघितलं तेच पेपरात आलं. तुमच्यामुळं पास झालो. दिलदारला तर ते घरचंच, त्याला अवघड गेलं नसणार.’

अब्बांनी पातेलं भट्टीवर फिरवलं. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी तू कुठं गेलतास? मी म्हटलं, केमिस्ट्री करत होतो.

त्यांनी तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर झाला, पितळ लख्ख झालं. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. लाज वाटली. छातीत दुखलंसुद्धा, पण चारांतल्या कुठल्या कप्प्यात ते सांगता येणार नाही.

अब्बा म्हणाले, भाता थांबवू नको. पुन्हा मारायला लागलो.