सपाट रंगमंच

बोर्दो, मंगळवार

गास्पार,

थिएटरचा उतरता रंगमंच काढून सपाट बसवल्यापासून तू त्या सोलेनच्या मागे लागला आहेस. तू बसवलेल्या बॅलेच्या शेवटी ती डोळे मिटून जागच्या जागी गिरक्या घेते, पण तालमीत तू उभा असतोस त्या पुढच्या कडेपर्यंत काही पोचत नाही. आज सगळ्यांदेखत तू तिला म्हणालास, "पोरी, तुझ्यात प्रेमच नाही. माझी कोलेत न सांगता माझ्याकडे यायची! उद्या जमलं नाही तर दुसरी बघतो."

ती रडतच माझ्याकडे आली. "मादाम, तुम्ही कसं जमवायचात?"

मी काहीच जमवत नव्हते, गास्पार. फळ्याच प्रेक्षकांकडे उतरत्या होत्या. तिथे कुणीही गिरक्या घेतल्या असत्या तरी तुझ्याकडेच सरकली असती. त्या नाचाने तुला नाव दिलं. त्या सरकण्याच्याच भरवशावर तू मला मागणी घातलीस, आणि मी हो म्हटलं.

सोलेनला मी सांगितलंय, दर गिरकीला बोटभर पुढे सरक, म्हाताऱ्याला कळायचं नाही. तुला खरं सांगणं चाळीस वर्षांत जमलं नाही. हे पत्रही मी टाकणार नाही.

उद्या ती तुझ्यापर्यंत येईल. स्वतःहून येणारी ती पहिलीच.

कोलेत