गोठ्याकडे तोंड करून बसलेला खड्डा

२९ मार्च, शनिवार
आज आनंदीबाई थोडक्यात वाचली. चंद्रीला चरायला सडकेपलीकडे नेत होती. फार्महाऊसला निघालेली एक गाडी अशी आली की दावं सुटलं. म्हैस एकीकडे, बायको दुसरीकडे, शेणात. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. संध्याकाळी ही म्हणाली, कडावच्या व्यापाऱ्याला निरोप धाडा, चंद्री देऊन टाकू, माझ्यात आता सडक ओलांडायची छाती राहिली नाय. एवढं बोलली आणि भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापत बसली. चंद्रीची आई गेली तेव्हा हिनेच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलंय.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. संकल्प: चंद्री विकायची नाही, गाड्यांना हळू करायचं. सरपंच हर्षलाताईंकडे जाऊन स्पीडब्रेकर मागितला. रस्ता बांधकाम खात्याचा आहे काका, अर्ज पाठवते, उत्तर येईल तेव्हा येईल, म्हणाल्या. चहा मात्र फक्कड होता.

३१ मार्च
मोबाईलवर उपाय सापडला. परदेशात रस्त्यावर खड्डा रंगवतात. खोटाच, पण बघणारा दचकतो आणि पाय आपोआप ब्रेकवर. मी जन्मभर टेंपोंच्या मागे मोर आणि घारीचे डोळे रंगवले. शिकवलं कुणी? कुणी नाही. खड्डा म्हणजे नुसता काळोख. मोरापेक्षा सोपा.
ही म्हणाली, सडकेवर खरे खड्डे कमी हायत का, म्हनून आता रंगवायचे?
कलेचं घरात कधी चीज होत नाही.

२ एप्रिल, पहाटे
घरासमोर सडकेवर आखणी सुरू. थोडं आखायचं, की ओट्यावर येऊन खुर्चीतून बघायचं. कलाकाराने लांबूनच बघावं. ओट्याला लागूनच गोठा, त्यामुळे चंद्रीही बघत होती. जनावराला जाण असते.
कंबर धरली. उरलेलं उद्या.

३ एप्रिल
कंबर.

४ एप्रिल
खड्डा तयार! ओट्यावरून बघितला तर माझी मलाच घेरी आली. कडेला डांबराचे तुटके पापुद्रे, आत अंधार, तळाला पाणी, पाण्यात बेडूक. बेडकाची गरज नव्हती, पण राहवलं नाही.
हिने विचारलं, गाडीवाले येतात त्या अंगानं उभं राहून बघितलं का? मी म्हटलं, अगं, खड्डा हा कुठूनही खड्डाच. उद्या शनिवार. बघच.

५ एप्रिल, शनिवार, सकाळी
पहिली गाडी भर्रकन गेली. ड्रायव्हर फोनवर असणार. दुसरीही तशीच. चष्म्याचा नंबर वाढला असेल. तिसरी गेल्यावर मी सडकेवर गेलो. बघायला नव्हे, मशेरीची चूळ भरायला. तिथून नजर गेली म्हणून सांगतो, एक लांबट काळा डाग दिसला. बेडूक तुटक्या चपलेसारखा. ऊन तिरपं होतं, दुसरं काही नाही.

५ एप्रिल, दुपारी
हिने कसंबसं धाडस करून चंद्रीला बाहेर काढलं. चंद्री गोठ्यातून आली, खड्ड्याच्या काठाशी चारही पाय रोवून उभी राहिली आणि फुरफुरली. मागून शेजारच्या जगदीशच्या म्हशी आल्या, त्याही थबकल्या. जगदीश ओरडला, अण्णा, ही काय घाण करून ठेवलीय रं देवा! पुढे जायला एकही तयार नाही. शेवटी सगळ्या आडव्या वळल्या आणि सडकभर पसरल्या. दोन्हीकडे गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्ला.
ही म्हणाली, अवो, तुमचा खड्डा गोठ्याकडं तोंड करून बसलाय, सडकेकडं त्याची पाठ हाय.
एक गाडीवाला उतरला. डागाकडे बोट दाखवून मला विचारतो, काका, इथे होळी पेटवली होती का?
आनंदीबाई हसली. पदर तोंडाला लावून हसली, मग पदर सोडून हसली. गेल्या शनिवारपासून हसली नव्हती. मग दावं धरलं, खड्ड्याला वळसा घातला आणि थांबलेल्या गाड्यांमधून चंद्रीला वरातीतल्या नवरीसारखी पलीकडे घेऊन गेली.

६ एप्रिल, रविवार
आजही तसंच. म्हशी अडल्या, गाड्या थांबल्या. प्रयोग यशस्वी. जगदीश म्हणतो, गाड्या माझ्या म्हशींनी थांबवल्या. बरं, पण म्हशींना कुणी थांबवलं? त्या डागावर डांबर फासून टाका, असंही म्हणत होता. हिने त्याला झापलं, खबरदार हात लावशील तर. आणि मला म्हणाली, व्यापाऱ्याला निरोप धाडू नका.
पुढचा विचार: कडाव नाक्यावर विहीर. मोठी. पायऱ्यांसकट.

७ एप्रिल, दुपारी
हिने पलीकडून हाक मारली, दुसरं दावं घेऊन या, हे तुटलंय. ओट्यावरून उतरलो, तडक निघालो आणि खड्ड्याच्या काठाशी पाऊल अडलं. रंग माझा, ब्रश माझा, बेडूक माझा. तरी पाय उचलेना. इकडेतिकडे बघून वळसा घालायला लागलो, तर मागे जगदीशच्या म्हशी. त्याही तोच वळसा घालायला उभ्या. जगदीशने म्हशी मागे सारून आधी मला वाट करून दिली.
ही खड्ड्यावरून सरळ चालत आली आणि हात पुढे केला. या वं, पडलात तर धरते, म्हणाली.
डोळे मिटले आणि बेडकावरून गेलो.