गालावरचा हिरवा डाग

नागपूर, चैत्र वद्य पंचमी, संध्याकाळ.

डाग पुन्हा वर आला. चित्रातल्या सुभद्रेच्या गालावर, हिरवा, बोटाएवढा. परवाच तर त्यावर रंग चढवला होता!

कापडाला कसर लागते, तांब्यावरचं चित्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, असं साहेबाच्या बंगल्यावर ऐकलं आणि बायकोचं चित्र तांब्यावरच काढायला घेतलं. पत्रा राखेनं घासला. रंग धरावा म्हणून लसूण चोळला. सगळं रीतसर. पण आईनं ओल्या बोटानं त्यावर हळदकुंकू लावून ठेवलं. "घरात नवं तांबं आलं, कोरं कसं ठेवायचं गा? सुनेले आयुष्य लाभू दे." मी ते नुसतं फडक्यानं पुसलं. ओलीनं तिथलं तांबं कळकलं; तेच बोट आता हिरवं होऊन रंगाखालून उगवतंय. आईला काय सांगू? नाहीच सांगणार.

खरवडून नव्यानं काढायचं तर सुभद्रेनं समोर बसायला हवं. क्षयानं ती आता उशीला टेकूनही बसत नाही. आणि तो गाल तरी कुठे उरलाय? चित्रात आहे तेवढाच. त्यावर हा डाग.

मघाशी म्हणाली, "चित्र दाखवा नं."

"रंग ओला आहे अजून," मी खोटंच बोललो.

"मग वाळू द्या. मले कुठं जायचं हाय?"