संशोधन केंद्राचा खरा जन्मदिवस

प्रिय सौभाग्यवतीस,

माझी प्रकृती उत्तम आहे हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे निवांत वाचशील.

विद्यापीठाचे हे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्र बाबांनी एकट्याने उभारले, असे चिरंजीवांनी तुला फोनवर सांगितले. ते साफ चूक आहे. काम सुरू झाले तेव्हा सायकलींच्या शेडमध्ये आम्ही तिघे होतो: प्राध्यापक, मी आणि ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग करणाऱ्या बाई.

आमचा पहिला इन्व्हर्टर तीनदा जळाला. तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, तुमचं गणित बरोबर असेल, पण तार तापतेय. एका जाड तारेऐवजी बारीक तारा पिळून गुंडाळते." मी नको म्हणालो. त्यांनी तरीही गुंडाळल्या आणि टेबलावरचा पंखा फिरला.

केंद्राच्या नव्या फलकावर मात्र प्राध्यापकांचे आणि माझे अशी दोनच नावे होती. संचालक म्हणाले, "सर, त्या तर कारागीर होत्या." मी म्हणालो, "मग माझंही नाव खोडा. मी यंत्र जाळतच होतो." अखेर फलक पुन्हा कोरायला गेला. बाईंना फोन केला, तर हसून म्हणाल्या, "अजून तसेच हट्टी आहात होय?"

पाण्याची मोटर अडली, तर स्वतः हात लावू नकोस. सूनबाई लवकर येतात ना?

तुझा,
चुका काढणारा

ता. क. तारखा दुरुस्त करून घे.
केंद्राची सुरुवात: इमारतीच्या उद्घाटनाचा ५ मार्च १९९१ नव्हे, पंखा फिरला तो १२ ऑगस्ट १९८६.
फलकाचे अनावरण: रविवारी नव्हे, बुधवारी.
माझे परतणे: सोमवारी नव्हे, शुक्रवारी. शनिवारी तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. ती तारीख माझ्याकडे पहिल्यापासून बरोबर आहे.