लगद्याचा सातपुडा

लिहून ठेवते ती मी, श्रीमती सुभद्राबाई भ्रतार कै. हिंमतराव ढगे, वय अंदाजे चौसष्ट, धंदा शेती व दुसऱ्यांनी केलेले निस्तरणे, राहणार वरवट बकाल, जिल्हा बुलढाणा. माझी अक्कल ठिकाणावर आहे. ती आजवर कुणी मागितली नाही, त्यामुळे वापरून झिजलेली नाही. छातीत कळ येते. डॉक्टर "काळजी घ्या" म्हणतात आणि माझ्याकडे न बघता चष्मा पुसतात, त्यावरून समजायचे ते मी समजले. म्हणून कोणाच्याही धाकदपटशाला न भिता हे मृत्युपत्र सांगते आहे. अर्जनवीस शंकरराव जोशी ते लिहून घेत आहेत. मी बोलते वऱ्हाडी आणि ते उतरवतात शुद्ध, त्यामुळे माझ्या शिव्या थोड्या मवाळ झाल्या असतील. वाचणाऱ्याने मूळच्या तिखट धराव्यात.

कलम पहिले. राहते घर आणि नाल्याकाठचे चार एकर माझे आहेत. सरकारने छप्पन साली कायदा केला, त्याने विधवेच्या वाट्याची मालकीण तीच. हे दोन्ही मी माझी मुलगी सत्यभामा, अमडापूरला दिलेली, हिला देते. तिने घर विकले तरी चालेल. मला त्या घराचा उमाळा नाही. चाळीस वर्षे धूर खाल्ला त्यात.

कलम दुसरे. माझा पुतण्या इंद्रभान याने गेल्या चार वर्षांत सतरा वेळा विचारले, "काकू, तब्येत कशी आहे?" आणि "बरी आहे" ऐकून सतराही वेळा त्याचे तोंड उतरले. एवढी माया वाया जाऊ नये. जिल्ह्याच्या प्रदर्शनात माझ्या यजमानांना मिळालेली पितळी ढाल मी त्याला देते. तिच्यावरचे नाव चुकीचे आहे, पण पितळ खरे आहे.

नाव चुकीचे का, हे सांगायला लागणार. शंकरराव म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटले, बसवणे तुमचे काम.

माझे यजमान फौजेत होते. गावाला ते ब्रह्मदेशाच्या लढाईच्या गोष्टी सांगत. मला माहीत आहे की ते पुण्याच्या छावणीत गोदामावर होते आणि डाळीची पोती मोजत होते. पण तिथे एक मोठे टेबल होते. त्यावर वाळूचे डोंगर आणि नद्या करून साहेबलोक लुटुपुटीची लढाई खेळत. वाळू चाळायचे काम यजमानांकडे होते. घरी परतल्यावर त्यांनी सुताराकडून आठ फुटी टेबल करून घेतले आणि हुकूम सोडला, "यावर सातपुडा पाहिजे." त्यानंतर दर रविवारी ते आणि त्यांचे मित्र शालिग्रामभाऊ मानकर समोरच्या खोलीत लढू लागले. चिंचोके म्हणजे सैन्य, कवड्या टाकायच्या आणि पडेल तेवढी चाल करायची. डोंगर चढायला दुप्पट दान लागे. अठरा वर्षे दोघे लढले आणि रक्त फक्त डासांनी प्यायले.

सातपुडा कोणी केला, हे कुणी विचारले नाही. टेबलावर भाकर येते, तसे डोंगरही येतात, असा पुरुषांचा समज असतो.

रद्दी कागद चार दिवस भिजवायचे, मेथ्या वाटून घालायच्या आणि उखळात कांडून लगदा करायचा. आमच्याकडे बाया त्याच्या टोपल्या करतात, आम्ही डोंगर केले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांची झाडे केली. जवारीच्या धांड्यातल्या मऊ गराची, भेंडाची, घरे केली. लाकडाचा भुसा हळदीत आणि निळीत घोळला की पावसाळ्यातले गवत होते. जिल्ह्याच्या प्रदर्शनात हे टेबल मांडले तेव्हा एका पाहुण्याने यजमानांना विचारले, "हे गवत कशाचे?" यजमान म्हणाले, "विलायती पावडर आहे." मी मागे उभी होते आणि माझी नखे अजून हिरवी होती.

एकदा रुसून त्यांनी स्वतः गड केला. मेथ्या घातल्या नाहीत, कारण मेथ्या बायकी. कडूपणा नाही म्हटल्यावर उंदरांनी तो गड तीन दिवसांत जिंकला.

आम्ही केले, असे मी म्हटले. आम्ही म्हणजे मी आणि तानाबाई सुखदेव तायडे. आता जे सांगणार आहे ते थट्टेत सांगता येत नाही, तरी प्रयत्न करते.

तानाबाई आमच्या शेतात मजुरीला येई आणि दुपारी मागच्या अंगणात लगदा कांडे. लाकडे आणायला ती सातपुड्यात जात असे. मी जन्मभर तो डोंगर गच्चीवरून पाहिला, तिने तो पायाखाली घातला. कोणती दरी कुठे वळते, पाणी कुठे थांबते, हे तिच्या हातांना ठाऊक होते. डोंगर तिने केले. मी रंग दिला. एवढेच माझे. ज्या साली मला मालकी देणारा कायदा झाला, त्याच साली तिच्या वस्तीने धर्म बदलला. आमच्या कोनाड्यातला तिचा वेगळा कप मात्र बदलला नाही.

खेळ चालू असताना तो पाहायला ती एकदा उंबऱ्याशी आली. तिला हाकलले गेले. "मालकांनी मनाई केली असे लिहू का?" शंकरराव विचारतात. नाही. मालकांना ती दिसलीसुद्धा नव्हती. मी म्हणाले, "माणसं बसली आहेत, तू मागून जा." ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कांडायला आली. मला त्याची लाज वाटते. रोज वाटते. मी इतरांना जेवढे बोलले तेवढे स्वतःला बोलायची हिंमत मला चौसष्टाव्या वर्षी आली.

कलम तिसरे, आणि यासाठीच हा खटाटोप. इंद्रभानने परस्पर ठरवले आहे, की टेबल हायस्कुलाला द्यायचे आणि गुढीपाडव्याला त्यावर पाटी लावायची: "कै. हिंमतराव ढगे यांनी स्वहस्ते निर्मिलेला सातपुडा." पाटी रंगवूनसुद्धा झाली आहे. मी मेले, की ती एक पाटी खरी आणि आम्ही दोघी खोट्या. मेलेली बाई भांडायला येत नाही, एवढी एकच सोय पुतण्याने नीट हेरली आहे.

तर मी जाहीर करते, की हा सातपुडा तानाबाई तायडे हिने केला आणि मी रंगवला. यजमान त्यावर खेळले.

टेबल मी तानाबाईच्या नावे लिहा म्हटले, तेव्हा ती म्हणाली, "मेल्यावर कायले देता बाई? माहंच हाय ते." शंकरराव हसले. मी नाही हसले. बरोबर बोलली. तिचे तिला मी मृत्युपत्राने कशी देणार? म्हणून टेबल या मृत्युपत्रात नाही. ते आजच परत करते. ते तिच्या घरी, तिच्या वस्तीत राहील. ज्याला खेळायचे असेल त्याने तिकडे जावे.

यावर साक्ष शालिग्रामभाऊंचीच हवी. खेळणाऱ्यांपैकी ते एकटे हयात आहेत. त्यांनी सही केली तर इंद्रभानची पाटी घरी राहते. नाही केली तर माझे म्हणणे म्हणजे म्हातारीची बडबड. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे शंकरराव म्हणतात. मी म्हटले, यांना वाचू द्या, आणि मोठ्याने. आता ते वाचत आहेत. पुढे जे घडते आहे तेही लिहून घ्या, शंकरराव.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद शंकररावांकडे परत दिला. चष्मा काढला. पुन्हा घातला.

"वहिनी, हे खरं हाय काय?"

"तिलेच विचारा," मी म्हणाले. तानाबाई खोलीत, टेबलाजवळ उभी होती.

अठरा वर्षांत तिच्याशी एक शब्द न बोललेला माणूस तिच्याकडे वळला. "हा मधला डोंगर. याच्या मांगून हिंमतराव यायचा अन् मले मारायचा. तूच केला?"

"हाव."

"मंग मांगून रस्ता काऊन ठेवला? माह्या फौजेचा जीव गेला ना त्याच्यापायी!"

"म्या नाही ठेवला. तो रस्ता हायेच तिथं. त्याच रस्त्यानं मी मोळी घेऊन येतो."

शालिग्रामभाऊंनी दोन बोटे लगद्याच्या त्या घळीतून हळूच फिरवली. मग पेन मागितले. शंकरराव म्हणाले, "अजून शेवट लिहायचाय." ते म्हणाले, "तुमी लिहीत राहा, मी खाली करतो." आधी मी सही केली, मग त्यांनी केली, मग दुसऱ्या साक्षीला बोलावलेल्या शाळेच्या अन्नपूर्णाबाईंनी.

"टेबल नेईल कोन तिकडं?" शालिग्रामभाऊंनी विचारले.

"तुमी एक बाजू धरा," तानाबाई म्हणाली.

आज बाजाराचा दिवस. रस्ता माणसांनी भरलेला. शालिग्रामभाऊंनी एकदा बाहेर पाहिले, टोपी नीट केली आणि ते वाकले. उंबरा ओलांडताना तानाबाई मागून म्हणाली, "वर धरा, भाऊ. डोंगर तुमच्याकून खाली जाऊन राह्यला."

त्यांनी वर धरले.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, कबूल.

सही: सुभद्राबाई हिंमतराव ढगे (स्वतःच्या हाताने)

साक्षीदार:
१. शालिग्राम नामदेव मानकर, वरवट बकाल
२. अन्नपूर्णाबाई केशव राजपूत, शिक्षिका, वरवट बकाल

लेखनिक: शंकरराव जोशी, अर्जनवीस (सांगितले तसे लिहिले, माझा इलाज चालला नाही)

ठिकाण: वरवट बकाल
दिनांक: ९ फेब्रुवारी १९६८